पाचव्या चोराची माकडटोपी

तो मेसेज पहिल्यांदा आला शिरगुप्पे सरांच्या बायकोच्या फोनवर, आणि तिला तो धाडला होता तिच्या भिशीतल्या कुणा बाईनं. सोमवारची सकाळ, साडेदहा वाजलेले. सर जिना चढून आले ते बायकोचा फोन हातात धरूनच. एरवी चपला दाराबाहेर काढा म्हणून आमच्या मागे लागणारा माणूस, पण त्या दिवशी चपलांसकट थेट माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"मोठ्यानं नको," ते म्हणाले. "मनातल्या मनात वाच."

मी वाचलं. 'पाच किल्ल्या, एक कुलूप'ला पैसे घालवू नका. शेवटी पाचवा चोर लाल माकडटोपी काढतो आणि बघतो तर काय, तो पेढीचा मालकच. दहा जणांना पाठवा.

 पिक्चर शुक्रवारी लागणार होता.

ही दोन हजार दहाची गोष्ट. कोल्हापुरात पिक्चर बनतात हे सगळ्या जगाला माहीत. मोबाईलवरचे गेमही बनतात हे खुद्द कोल्हापुरात कुणाला माहीत नव्हतं. राजारामपुरीत एका शिलाई मशीनच्या दुकानावर आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे चार टेबलं, चार माणसं आणि प्लायवूडची भिंत घालून केलेली सरांची केबिन. खराडे नावाच्या निर्मात्यानं दरोड्याचा पिक्चर काढला होता. पाच चोर, गुजरीतली जुनी सराफी पेढी, आणि पाच किल्ल्या एकदम फिरवल्याशिवाय न उघडणारी तिजोरी. त्या पिक्चरवरचा गेम आम्ही करत होतो, बटणांच्या साध्या फोनवर चालणारा. दोन्ही एकाच शुक्रवारी बाहेर यायचे होते. मराठीत असं आजवर कुणी केलेलं नाही, असं सर छाती फुगवून सांगायचे. खरंखोटं तेच जाणोत.

आता त्या माकडटोपीचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच अडलं. पिक्चरमध्ये माकडटोपी नाहीच. पिक्चरमधला पाचवा चोर सुरुवातीपासून काळा गॉगल लावून असतो आणि शेवटी तो गॉगल काढतो. पण आमचा पडदा काडेपेटीएवढा. त्यावर माणसाचे डोळे म्हणजे दोन काळे ठिपके, आणि गॉगल म्हणजे पण दोन काळे ठिपके. काढला काय, घातला काय, कुणाच्या बापाला कळणार? तेव्हा दिगंबर सुतारांनी, म्हणजे आमची चित्रं काढणाऱ्या दिगंबरदादांनी, गॉगल काढून टाकला आणि त्या चोराला लाल माकडटोपी चढवली. सगळं तोंड झाकणारी. सरांनी खूश होऊन त्यांची पाठ थोपटली. खराड्यांना कळवायचं राहून गेलं. तसंही पहिल्या दोन लेव्हलच्या पुढं गेम बघायचा धीर त्यांना नव्हता.

म्हणजे हा मेसेज पिक्चरवाल्यांकडून फुटलेला नव्हता. तो आमच्याच चार टेबलांपैकी एकावरून गेला होता.

खराडे दुपारी स्वतः आले. पांढरी पँट, पांढरे बूट, आणि हातात फोन. तो मेसेज तोवर त्यांच्या फोनवर सात वेळा आला होता. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे खुर्चीत बसले आणि सरांना म्हणाले, "शिरगुप्पे, माझ्या पिक्चरमध्ये माकडटोपी कुठं आहे ते दाखवा. मी अख्खा पिक्चर पाच वेळा बघितलाय. मला सापडेना."

सरांनी खाली मान घातली.

त्यावर खराड्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं, की गुरुवारी दुपारपर्यंत कुणी केलं त्याचं नाव त्यांना लेखी हवं, त्या माणसाच्या सहीनिशी. मिळालं तर पुढच्या तीन पिक्चरचे गेमही आमच्याकडेच. नाही मिळालं तर हाही गेम गेला, आणि मग कंपनीला कुलूप लावायला खराड्यांची गरज नव्हती, ते आपोआपच लागलं असतं. जाताना त्यांनी आम्हा एकेकाकडे असं पाहिलं की आपण काही केलेलं नसताना माझे कान तापले.

ते गेल्यावर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "शेवट माहीत असलेले आपण चौघं," ते म्हणाले. "मी नाही, तू नाही. उरले दोघं. चुका शोधणं तुझं काम आहे मंजूषा, ही पण शोध. आणि कुणाला कळू देऊ नको."

माझं काम टेस्टरचं. आईला वाटायचं, पोरगी इंजिनिअर झाली आणि दिवसभर मोबाईलवर खेळत बसते. पण खेळायचं ते गेम जिंकायला नाही, तो कुठं अडखळतो ते पकडायला. एखादा चोर भिंतीतून आरपार जातो का, किल्ली घेतल्यावर तीच किल्ली दुसऱ्यांदा मिळते का. सापडलेली प्रत्येक चूक मी एक्सेलच्या यादीत नंबर घालून लिहायची. काय व्हायला हवं, काय होतंय, कुणी दुरुस्त करायचं. सगळी मिळून दोनशेसहा झाली होती. त्या यादीचा मला कोण गर्व! पंधरा दिवसांपूर्वी पहिल्या दोन लेव्हलचा नमुना आम्ही कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या चाळीस मोबाईल दुकानदारांना पाठवला, तेव्हा त्या दोन लेव्हलमध्ये राहिलेल्या चुकांची यादीसुद्धा मी सोबत जोडली होती. दुकानदारांनी उगाच फोन करून डोकं खाऊ नये म्हणून. सर म्हणाले होते, अशी शिस्त पुण्यातसुद्धा नसेल.

तर मला सांगितलं शोध, आणि मी शोधायला लागले. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. दुकानदारांवर पहिली काट मारली. त्यांच्याकडच्या नमुन्यात तिसरी लेव्हल उघडतच नव्हती, मी स्वतः चाळीस वेळा खेळून खात्री केली होती. मग किरण हुपरे. तो आमचा प्रोग्रॅमर. सोमवारपासून फोन आला की उठून जिन्यात जायचा आणि तोंडावर हात धरून बोलायचा. मंगळवारी मी पाण्याची बाटली भरायच्या निमित्तानं जिन्यात जाऊन कान दिला. "तू जेवलीस का" याच्या पुढं ते बोलणं गेलं नाही. नुकताच साखरपुडा झाला होता त्याचा. तरी मी सोडलं नाही. जेवताना सहज विचारल्यासारखं केलं, काय रे, त्या टोपीचा रंग लालच का ठेवला? तर तो भाकरी मोडत म्हणाला, "कुठली टोपी?" हा बाबा चित्रांच्या जागी नुसते चौकोन ठेवून प्रोग्रॅम लिहायचा, खरी चित्रं नंतर दिगंबरदादा भरायचे, आणि आपला गेम आपण एकदा खेळून बघावा असं त्याला कधी वाटलं नाही. त्याला दरोडा सराफाच्या पेढीवर पडतो हे माहीत होतं हेच पुष्कळ.

राहिले दिगंबरदादा.

माणूस अडतीस वर्षांचा, मला अकरा वर्षांनी मोठा, आणि तरी मला मॅडम म्हणणारा. पूर्वी थिएटरवरचे मोठमोठे बॅनर रंगवायचे. फ्लेक्स आला आणि तो धंदा एका वर्षात बसला. दोन वर्षं त्यांनी गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवल्या. मग सरांनी त्यांना कंप्युटरसमोर बसवलं, आणि चाळीस फुटांवर चित्र काढणारा हा माणूस नखाएवढ्या जागेत चोर काढायला शिकला. या नोकरीवर त्यांचं घर होतं, दोन मुलींच्या शाळा होत्या. हे सगळं मला माहीत होतं. ही नोकरी गेली तर दुसरीकडे कुठंही असलं काम नव्हतं, हेही माहीत होतं.

पण एकदा संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की माणसाचं साधं शिंकणंही वेगळं दिसतं. दादा हल्ली काम करताना दाराकडे पाठ करून का बसतात? मी टेबलाजवळ गेले की पडद्यावरची खिडकी का मिटतात? पूर्वी जेवायला आमच्यात बसायचे, आता डबा तसाच ठेवून दीड वाजता बाहेर का जातात? आणि त्यांची ती खाकी पिशवी. आधी खुंटीला असायची, आता पायाशी.

बुधवारी ते हात धुवायला गेले तेव्हा मी त्या पिशवीत हात घातला.

आत डबा होता, रुमाल होता, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक सीडी. तिच्यावर त्यांच्याच हातानं लिहिलं होतं, 'शेवट'. मी ती होती तशी ठेवली. माझी छाती धडधडत होती, आणि खरं सांगायचं तर ती भीतीनं नव्हती.

दीडला ते निघाले तशी मीही निघाले. राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यानं ते झपाझप चालत होते, दोनदा वळून पाहिलं. दोन्ही वेळा मी फळांच्या गाड्यावर मोसंब्यांचे भाव विचारत उभी होते. ते शिरले फ्लेक्स छापणाऱ्याच्या दुकानात. काचेतून मला सगळं दिसलं. त्यांनी सीडी काढून दिली, त्या माणसानं ती कंप्युटरला लावली, आणि आमचा पाचवा चोर त्याच्या पडद्यावर उघडला. लाल टोपीतला, आणि शेजारी टोपी काढलेला. फ्लेक्सवाला काहीतरी बोलला, दादा हसले. मग मशीनमधून कागदाची लांब सुरळी बाहेर आली. ती त्यांनी चारदा दुमडून शर्टाच्या आत सरकवली. शर्टाच्या आत! बाहेरच्या माणसाला शेवट दाखवताना मी त्यांना या डोळ्यांनी पाहिलं होतं. आता आणखी काय हवं होतं?

गुरुवारी सकाळी सरांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं बसलो. मी काय पाहिलं ते मीच सांगितलं, एकेक करून, अगदी यादीतल्या चुका वाचाव्या तसं. मला वाटत होतं दादा नाकारतील, चिडतील, पिशवीत हात घातला म्हणून मला फाडून खातील. तसं काही झालं नाही. सीडीचं नाव निघालं तेव्हा ते पांढरे पडले. फ्लेक्सच्या दुकानाचं नाव निघालं तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"कशाला छापून नेत होता, दिगंबर?" सरांनी विचारलं.

"घरी काम करायला. कवापास्नं नेतोय."

"घरी कसलं काम? आणि आम्हाला न विचारता?"

 ते म्हणाले, "मेसेज तिकडनंच गेला असंल सर. माझीच चूक. कुठं सही करायची तेवढं सांगा."

सरांनी कागद आधीच लिहून ठेवला होता, फक्त नावाची जागा सोडून. दादांनी कागद डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ न्याहाळला आणि सही केली. ती रेघेच्या बरीच वर गेली. मग त्यांनी आपला कंप्युटर बंद केला, डबा उचलला आणि जिन्यात थांबून मला म्हणाले, "मॅडम, दुसऱ्या लेव्हलच्या भिंतीचा रंग जरा फिका झालाय. तेवढं बघा." मी हो म्हटलं. मनात म्हटलं, चोर तो चोर, वर कामाच्या गोष्टी सांगतोय. अशी मी होते तेव्हा.

शुक्रवारी पिक्चर लागला. आणि गंमत अशी, की शेवट गावभर झालेला असूनही शनिवारी-रविवारी थिएटर भरलं. माकडटोपी येणार म्हणून लोक वाट बघत बसले आणि निघाला गॉगल, तर त्यावरही टाळ्या पडल्या. खराड्यांचं एका पैशाचं नुकसान झालं नाही. त्यांनी सरांना पेढे पाठवले, आणि पुढच्या तीन पिक्चरचं कामही. पेढ्यातला एक मीही खाल्ला.

सोमवारी अकरा वाजता ऑफिसच्या फोनवर जयसिंगपूरहून मगदूम म्हणून मोबाईल दुकानदार बोलत होते. गेमला मागणी चांगली आहे म्हणाले, आणि माझी तारीफ करायला लागले. एवढी व्यवस्थित यादी त्यांनी कुठल्या कंपनीची बघितली नव्हती. मी आपली लाजून हो हो करत होते.

"मॅडम, ती एकशेचौऱ्याण्णव नंबरची चूक दुरुस्त झाली का हो?" त्यांनी विचारलं. "ती वाचून आम्ही लई हसलो. माझ्या मेव्हण्यानं तर ती गावभर सांगितली."

मी म्हटलं, तुम्हाला पाठवलेल्या यादीत चौतीसच चुका होत्या.

"दिसायला चौतीस. पण वर तो बाण असतोय बघा, त्याच्यावर टिचकी मारली की सगळी उघडते. दोनशेसहा."

मी फोन ठेवला.  दुकानदारांना पाठवलेली ती यादी उघडली. पहिल्या दोन लेव्हलच्या तेवढ्या चुका दिसाव्यात म्हणून मी फिल्टर लावला होता, बाकीच्या ओळी दिसेनाशा झाल्या, आणि मी बेलाशक ती फाईल चाळीस जणांना पाठवून दिली होती. ओळी मी लपवल्या होत्या. काढल्या नव्हत्या. बाणावर टिचकी मारली आणि एकशेचौऱ्याण्णव नंबर समोर आला, माझ्याच शब्दांत.

'शेवटची लेव्हल. काय व्हायला हवं: पाचवा चोर लाल माकडटोपी काढतो आणि तो पेढीचा मालक निघतो. काय होतंय: टोपी काढल्यावरही डोक्यावर टोपीच दिसते. दुरुस्ती: दिगंबर.'

दोनशेसहा चुका दुसऱ्यांच्या लिहिल्या. स्वतःची एक दिसली नाही. मला इतकी लाज वाटली की टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटलं.

सर केबिनमध्ये जेवत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी घास पूर्ण केला, डब्याचं झाकण लावलं आणि दार लोटून घ्यायला सांगितलं. मग त्यांनी मला समजावलं. कागद गेला, त्यावर सही आहे, तीन पिक्चरचा करार त्या कागदावर उभा आहे. आता उठून खरं सांगायचं म्हणजे कंपनीनं निर्मात्याला खोटं नाव दिलं असं होणार. माझी नोकरी जाईल, ती तर जाईलच, पण त्यांची आणि किरणचीही जाईल, आणि त्याचं लग्न दोन महिन्यांवर आलंय.

"आणि दिगंबरदादांची गेली ती?" मी विचारलं.

"त्यानं स्वतः कबूल केलंय. केलंय की नाही?" सर म्हणाले. "हे बघ, तू मला काही सांगितलं नाहीस. मी काही ऐकलं नाही."

मी बाहेर येऊन जागेवर बसले. साडेपाचला ऑफिस सुटलं तशी रिक्षा करून मंगळवार पेठेत दादांच्या घरी गेले.

दादा दाराबाहेरच्या उंबऱ्यावर बसून नंबरप्लेट रंगवत होते. पत्रा नाकाला लागेल इतका जवळ धरलेला. मी अगदी समोर जाऊन उभी राहिले तरी त्यांनी ओळखलं नाही, आवाज ऐकल्यावर ओळखलं. गडबडीनं उठले, खुर्ची आणायला निघाले. मी म्हटलं, खुर्ची राहू द्या, आधी ऐका. आणि सांगून टाकलं. फिल्टर, चाळीस दुकानदार, माझी ती शहाणपणाची यादी.

 दादा अंगातलं वारं निघून गेल्यासारखे उंबऱ्यावर टेकले.

"म्हंजे फ्लेक्सवाल्याकडनं न्हाय गेलं?"

"नाही."

"मला वाटलं तिकडनंच. मी त्याला मागंच हसत हसत सांगितलं होतं, बघ, मालकच चोर हाय. रातभर झोप न्हाय मला, मॅडम. म्हटलं, सरांनी रस्त्यावरनं उचलून खुर्चीत बसवलं आणि आपण त्यांचंच गुपित फोडलं." त्यांनी ब्रश डब्यात ठेवला. "दिवाळीपास्नं बारीक दिसंना झालंय. मिरजेच्या डॉक्टरनं मोतीबिंदू सांगितला. ह्या वयात! चित्र काढणाऱ्याला दिसत न्हाय म्हटल्यावर कोण ठेवणार? म्हणून चित्रं मोठी छापून घरी आणायचो. भिंतीला लावायची, रंगाचे बारके चौकोन मोजायचे, आकडे पाठ करायचे आणि दुसऱ्या दिवशी तसेच भरायचे."

दाराकडे पाठ, मिटलेली खिडकी, शर्टाच्या आत दुमडलेला कागद. मी त्याचं काय केलं होतं!

मी रडायला लागले. ते म्हणाले, रडू नका, आणि मग आतल्या दाराकडे बघत आवाज खाली आणला. "सरांकडं मी आता परत यायचा न्हाय. डोळ्यांचं कळल्यावर कशाला ठेवतील? पण तुमी आत जाऊन शालनला एवढं सांगा. चार दिवस झाले, ती माझ्याशी नीट बोलंना. मी पैशासाठी विकलं असं वाटतंय तिला. तोंडानं म्हणत न्हाय, पण वाटतंय."

मी आत गेले. शालनवहिनी चुलीपाशी भाकरी थापत होत्या. मी सांगितलं तेव्हा त्यांचे हात पिठातच थांबले. दोनदा सांगावं लागलं. मग त्यांनी पदरानं डोळे टिपले, गालाला पीठ लागलं तरी त्यांना कळलं नाही. माझी आई असती तर तिनं मला त्याच काटवटीनं हाणलं असतं. वहिनींनी मला पाट दिला.

"ताई, तुमी हे सायबांना सांगितलंत न्हवं?"

"सांगितलं," मी म्हटलं. एवढं खरं होतं.

"मग?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुमची नोकरी गेली?"

मी काय बोलणार होते? की सर म्हणाले गप्प बस, आणि मी गप्प बसले? की उद्या दहा वाजता मी जागेवर असणार आहे? बाहेर उंबऱ्यावर दादा कान देऊन बसलेले मला जाणवत होते.

मी हो म्हणाले.

वहिनींनी पिठाच्या हातानं माझा हात धरला. आमच्यापायी तुमच्यावर असली वेळ आली, असं म्हणून त्या पुन्हा रडल्या. आमच्यापायी! मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकरी, पिठलं, वर दही. प्रत्येक घास मला गिळावा लागत होता, आणि त्या आपल्या वाढतच होत्या. निघताना म्हणाल्या, धाकट्या भावाचं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका छापतो, कंप्युटर येणाऱ्याची त्याला गरज असते, त्याच्या कानावर घालते. मी म्हटलं, कशाला, राहू द्या. दादा म्हणाले, राहू द्या कसं, घालू की.

मंगळवारी मी दहाला ऑफिसात होते. साडेअकराच्या सुमारास माझा मोबाईल वाजला.

"मॅडम, मी दिगंबर. मेव्हण्याशी बोललो. उद्यापासनं या म्हणतोय. खरं म्हंजे मलाच बोलावत होता, डोळ्याचं झाल्यावर ये म्हणाला. पण मी म्हटलं, माझं मागनं बघू, आधी त्यांचं बघ. माझ्या हातात ब्रश हाय, त्यांच्यापाशी काय हाय? पगार तिकडच्याएवढा न्हाय, पण माणूस चांगला हाय."

 दादा, मला नको, तुम्हीच जा, एवढं म्हणायचं होतं. त्याच्या पुढचंही म्हणायचं होतं. मी "दादा" म्हटलं, आणि तेवढ्यात केबिनमधून सरांची हाक आली, खणखणीत, सबंध जिन्याला ऐकू जाईल अशी.

"मंजूषा, नव्या पिक्चरची पहिली लेव्हल आली बघ. खेळायला घे."

पलीकडे एकदम शांत झालं. तो आवाज दादांनी तीन वर्षं रोज ऐकला होता. ब्रश डब्याच्या काठावर आपटताना होतो तसा बारीक आवाज मागून येत होता, तोही थांबला.

"ठेवतो मॅडम," ते म्हणाले. "कामात असाल तुमी."

आजपर्यंत परत त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही.